रँचवरचा शोक: असा चित्रपट पुण्यात कसा पाहावा आणि कसा दाखवावा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांवर गाई-घोडे पाळून राहणाऱ्या आजच्या कुटुंबांवर मृत्यूचा किंवा तशाच मोठ्या हानीचा घाला पडतो, तेव्हा त्यांचे जगणे पुढे कसे चालते, या विषयावर गेल्या दहा वर्षांत काही फार चांगले स्वतंत्र चित्रपट झाले आहेत. क्लोई झाओ यांचा ‘द रायडर’ (२०१७) आणि केट बीक्रॉफ्ट यांचा ‘ईस्ट ऑफ वॉल’ (२०२५) ही त्यांतली दोन ठळक नावे. दोन्हींची भूमी साउथ डकोटा राज्यातली आहे आणि दोन्हींमधल्या मुख्य भूमिका तिथल्याच माणसांनी केल्या आहेत. पुण्यात असे चित्रपट कुणी घरी एकट्याने पाहतो, कुणी जानेवारीतल्या पिफमध्ये, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, या जातीचे काही पाहून येतो, तर कुठे एखादा फिल्म क्लब किंवा ग्रंथालयाचे वाचक मंडळ चाळीस-पन्नास माणसे जमवून पाहते. पाहून झाल्यावर येणारा अभिप्राय मात्र बहुधा एकच असतो: छायाचित्रण सुंदर आहे, पण काही घडत नाही.

घडते पुष्कळ, पण आपण ज्या जागी पाहत असतो त्या जागी ते घडत नाही. पडद्यावरचा शोक संवादात, रडण्यात आणि पार्श्वसंगीतात शोधण्याची आपल्याला सवय आहे. या चित्रपटांत तो कामात असतो. घरातले माणूस गेले म्हणून गाय व्यायची थांबत नाही, तुटलेले कुंपण आपोआप सांधले जात नाही आणि पहाटेचा चारा चुकवता येत नाही. त्यामुळे जे बोलायचे राहून गेले ते सगळे चारा टाकण्याच्या, दोर ओढण्याच्या आणि फाटक लावण्याच्या रीतीत उतरते. ती रीत ओळखता यावी यासाठी मुळात काम काय आहे ते ठाऊक असावे लागते. म्हणून तयारीची सुरुवात दिग्दर्शकाच्या मुलाखतींपासून न करता रँचच्या, म्हणजे गाई-घोडे पाळण्याच्या त्या कुरणांच्या, कामापासून करावी, असा माझा आग्रह आहे.

आधी वर्षाचे चक्र समजून घ्यावे

गाय-वासरू पद्धतीच्या रँचवर पैसा साधारणपणे वर्षातून एकदाच हातात येतो, आणि तेथील सगळे ताण या एका गोष्टीभोवती फिरतात. गाईचा गाभणकाळ सुमारे २८३ दिवसांचा असतो. उत्तरेकडच्या कुरणांवर वासरे हिवाळा सरता सरता आणि वसंत ऋतूत जन्मतात. त्या आठवड्यांत रात्री-अपरात्री उठून गाभण गाई पाहाव्या लागतात, कारण ओल्या वासराला बर्फातून वेळेवर उचलले नाही तर ते गारठून मरते. त्यानंतर शेजारी एकत्र येऊन वासरांना डाग देतात आणि लसी टोचतात. उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून त्याचे गठ्ठे बांधायचे, शरद ऋतूत वासरे आईपासून तोडून लिलावाला न्यायची आणि हिवाळाभर साठवलेले गवत घालत राहायचे. चित्रपटातला मृत्यू या चक्रात कोठे येऊन पडतो हे पाहणाऱ्याने पहिल्या पंधरा मिनिटांत मनाशी पक्के करावे. वासरांच्या दिवसांत विधवा झालेली स्त्री आणि लिलावानंतर विधवा झालेली स्त्री यांच्यापुढची पहिली रात्र सारखी नसते.

दुसरा हिशेब जमिनीचा. ‘ईस्ट ऑफ वॉल’मधली नायिका टॅबथा सुमारे ३,००० एकरांच्या रँचची मालकीण आहे, हे कानावर पडताच पुण्यातल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे जहागीर उभी राहते. ते स्वाभाविक आहे, कारण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. परंतु त्या कोरड्या प्रदेशात एक गाय आणि तिचे वासरू यांच्या वर्षाच्या चराईला वीस ते तीस एकर धरले, तर ३,००० एकरांवर शंभर ते दीडशे गाई पोसल्या जातात. एवढ्या कळपावर एक कुटुंब तगते. साठवून ठेवण्यासारखे फारसे उरत नाही, आणि बँकेचे कर्ज, औषधे, डिझेल व यंत्रांची दुरुस्ती यांतूनच भागवायची असते. टॅबथा तर गाईंपेक्षा घोड्यांवर जगते; उपेक्षित घोडे घेऊन, त्यांना शिकवून ती विकते. हा हिशेब प्रेक्षकांना वाटायच्या परिचयपत्रात दोन ओळींत दिला, तर जमीन विकत घेण्याचा प्रस्ताव घेऊन श्रीमंत माणूस दारात येतो तेव्हा ती एवढी का अडखळते, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

याला आजच्या काळाचे दोन आकडे जोडावेत. अमेरिकेतली गाई-गुरांची संख्या १ जानेवारी २०२५ रोजी ८ कोटी ६७ लाख होती. १९५१ नंतर तोवरची ती सर्वांत कमी. सलग दुष्काळांत चारा-पाणी पुरेना म्हणून लोकांनी वासरे देणाऱ्या गाईच विकून टाकल्या, आणि नंतर भाव चढले तेव्हा ज्यांचा कळप मोडला होता त्यांच्या हाती त्यातले काही लागले नाही. दुसरा आकडा वयाचा. २०२२ च्या तेथील कृषी गणनेत शेती आणि पशुपालन करणाऱ्यांचे सरासरी वय ५८.१ वर्षे निघाले. अशा चित्रपटांत बाप मुलाला घोडा देतो किंवा आजी नातीकडे पाहत गप्प बसते, तेव्हा हे पुढे कोण करणार हा प्रश्न त्या खोलीत हजर असतो. त्याच गणनेत उत्पादकांपैकी ३६ टक्के स्त्रिया होत्या, हेही सांगावे. रँच चालवणारी बाई ही दिग्दर्शिकेची कल्पना नाही.

आणि जमिनीचा इतिहास. ‘द रायडर’ पाइन रिज या, लाकोटा या अमेरिकी मूलनिवासी लोकांच्या राखीव प्रदेशात घडतो. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने लाकोटांना दिलेली भूमी पुढच्या दोन दशकांत तुकड्या-तुकड्यांनी हिरावली गेली, आणि १८९० मध्ये याच परिसरात वूंडेड नी येथे सैन्याने त्यांची कत्तल केली. घोड्यावर बसलेला नायक काउबॉय आहे आणि लाकोटाही आहे, या एका वाक्यात जे आहे ते प्रेक्षकाला आधी माहीत नसेल, तर तो त्या कुटुंबाचे घर, म्हणजे ट्रेलर (ओढून नेता येणारे तयार घर), केवळ गरिबीची खूण म्हणून पाहील.

शोक कोठे पाहावा

येथे माझ्या सूचना काहीशा सविस्तर आहेत, कारण सगळ्या पाहण्याचे मर्म यातच आहे.

प्रथम हात पाहावेत. ‘द रायडर’च्या सुरुवातीलाच रोडिओच्या (उधळत्या घोड्यावर टिकून बसण्याच्या स्पर्धेच्या) मैदानात घोड्यावरून पडून कवटी फुटलेला ब्रॅडी आपल्या डोक्यावरच्या पट्टीचे स्टेपल चाकूने काढताना दिसतो. तो कण्हत नाही आणि आरशासमोर भाषणही देत नाही. जनावराच्या खुरात रुतलेला खडा काढावा तितक्या लक्षपूर्वक तो ते काम करतो. पुढे त्याच्या उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली जाऊ लागते आणि दोर सोडायचा असतानाही सुटत नाही. घोड्यांवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत याहून मोठी हानी दुसरी नाही, आणि दिग्दर्शिकेने ती एका मुठीत दाखवली आहे. संवाद वाचण्याच्या नादात प्रेक्षकाची नजर पडद्याच्या खालच्या पट्टीवर खिळते आणि अशी मूठ निसटते. म्हणून संवाद थोडे सुटले तरी चालतील, हात सुटू देऊ नयेत, असे प्रेक्षकांना खेळाआधीच सांगून ठेवावे.

त्यानंतर गेलेल्या माणसाची कामे शोधावीत. प्रत्येक घरात कोण काय करायचे हे ठरलेले असते: कोणी पाण्याच्या टाक्या पाहायचे, कोणी बँकेत जायचे, कोणी अडलेल्या गाईच्या पोटात हात घालायचे. मृत्यूनंतर ते काम कोणाच्या अंगावर पडले, त्याला ते येते का, येत नसेल तर तो कोणाला विचारतो आणि विचारताना कसा उभा राहतो, एवढे पाहिले तरी नात्यांचा सगळा नकाशा हाती येतो. पुष्कळदा जे काम कोणीच उचललेले नसते तेच सर्वांत बोलके असते. अर्धवट बांधलेले कुंपण किंवा सुरू न होणारा ट्रॅक्टर कॅमेऱ्यात दोनदा-तीनदा आला, तर तो उगाच आलेला नसतो.

जनावरांकडे पाहताना एक पथ्य पाळावे. घोडा हा मुक्तीचे प्रतीक आहे, अशा वाक्यांनी चर्चा गोड होते आणि तिथेच संपते. ज्याला घोडा शिकवायचा असतो त्याच्या दृष्टीने घोडा म्हणजे एक घाबरलेले, चारशे-पाचशे किलोंचे जनावर असते. ‘द रायडर’मध्ये ब्रॅडी एका न शिकवलेल्या घोड्याला गोल कुंपणात शिकवतो ते दृश्य पाहताना घड्याळ विसरावे. तो आधी घोड्याला फिरू देतो, मग दोर सैल सोडून थांबतो, मानेवर हात ठेवतो, हात काढून घेतो, पुन्हा ठेवतो. पाठीवर आधी नुसता आपला भार टाकून पाहतो आणि घोड्याने तो सोसल्यावरच वर चढतो. घोड्याचे कान कोणत्या दिशेला आहेत, डोळ्याचे पांढरे दिसते का, तो ओठ चाटू लागला का, यावरून भीती कमी होत आहे की वाढत आहे ते कळते. हे खरे शिकवणे आहे, खऱ्या घोड्यावर चाललेले. ज्याला डॉक्टरांनी घोड्यावर बसू नको म्हणून बजावले आहे, त्या माणसाचे अख्खे आयुष्य त्या काही मिनिटांत आपल्यासमोर असते आणि त्याबद्दल कोणीही एक शब्द बोलत नाही.

जनावराचा मृत्यूही याच नजरेने पाहावा. काटेरी तारेत पाय फाटलेल्या घोड्याला गोळी घालणे हे तेथे मालकाचे कर्तव्य मानले जाते. ब्रॅडीच्या हातून ते होत नाही, ते त्याच्या वडिलांना करावे लागते. ज्या बापाबद्दल तोवर प्रेक्षकाचे मत फारसे बरे झालेले नसते, तो मुलाच्या हातचे कठीण काम स्वतःकडे घेतो. या दृश्यावर चर्चा प्राणिदयेच्या अंगाने जाणे साहजिक आहे, पण चर्चेच्या संचालकाने ती एकदा तरी बाप-लेकाकडे वळवावी.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. मृत्यूनंतरचा शोक आणि मृत्यूनंतरची कागदपत्रे एकाच टेबलावर येतात, हे ग्रामीण महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. आपल्याकडे दहावा-तेरावा उरकतो न उरकतो तोच वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जावे लागते, सातबाऱ्यावर नावे चढवावी लागतात, सोसायटीचे पीककर्ज कोणाच्या नावे होते ते निघते. रँचवर ते बँकेचे पत्र, ट्रेलरचे थकलेले भाडे किंवा जमीन घ्यायला आलेल्या माणसाचा धनादेश या रूपांत येते. काय विकले जाते आणि कोणत्या क्रमाने विकले जाते याची नोंद ठेवावी. आधी जुनी यंत्रे, मग घोडे, मग कुरणाचा तुकडा. घोडे भरलेली गाडी फाटकाबाहेर पडते तेव्हा मागे कोण उभे असते, तेही पाहावे.

आपल्या आणि त्यांच्या शोकात एक फरक आहे, तो आधीच ध्यानात ठेवला तर गैरसमज टळतो. आपल्याकडे सुतकाचे दिवस ठरलेले असतात, घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, पुण्यातल्या ओंकारेश्वरासारख्या ठिकाणी दहाव्याला माणसे जमतात. शोकाला एक वेळापत्रक मिळते आणि घरच्यांना काही दिवस कामातून सूट मिळते. शेजाऱ्यांनी जेवण आणून देण्याची रीत तिथेही आहे, पण प्रार्थना आणि दफन झाल्यावर पुढचे दिवस ज्याचे त्याने काढायचे असतात, आणि दोन घरांमध्ये कित्येक मैलांचे अंतर असते. त्यामुळे ‘ही माणसे इतकी कोरडी कशी?’ असा प्रश्न सभागृहात हमखास येतो. त्याचे उत्तर चित्रपटानेच दिलेले असते. एखादे दृश्य आठवून दिले की पुरते.

खरी माणसे आणि त्यांची पात्रे

‘द रायडर’मधला ब्रॅडी जँड्रो स्वतः घोडे शिकवणारा आहे, २०१६ साली रोडिओत त्याच्या डोक्याला खरोखरच तशी जखम झाली होती, आणि त्याचे वडील व बहीण यांनीच चित्रपटात वडील व बहीण यांच्या भूमिका केल्या. तरी पात्राचे आडनाव वेगळे आहे आणि कथा रचलेली आहे. ‘ईस्ट ऑफ वॉल’मध्ये टॅबथा झिमिगा आणि तिची मुलगी पोर्शिया यांनी आपल्याच आयुष्याच्या जवळ जाणारी पात्रे केली, आणि त्यांच्यासोबत जेनिफर ईली, स्कूट मॅकनेरी असे व्यावसायिक नट आहेत. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात ‘नेक्स्ट’ विभागाचा प्रेक्षक पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

ही माहिती केव्हा द्यावी, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की चित्रपटाआधी एका वाक्यात सांगावी आणि बाकी नंतरसाठी ठेवावी. आधी फार सांगितले तर प्रेक्षक प्रत्येक दृश्यात खरे कोणते आणि रचलेले कोणते हे शोधत बसतो. मुळीच सांगितले नाही तर तो या माणसांचे तुटक बोलणे कच्चा अभिनय समजतो. चर्चेत मात्र एक सीमा कटाक्षाने सांभाळावी. पात्राच्या वागण्यावर हवे तितके बोलावे, पण त्या खऱ्या कुटुंबाच्या दुःखाचे निदान करू नये. त्यांनी आपले जे दाखवायचे ठरवले तेवढे दाखवले आहे.

पुण्यातल्या प्रेक्षकांसाठी परिचय

परिचय सात-आठ मिनिटांपेक्षा लांबवू नये, आणि त्यात कथानक सांगू नये. वर दिलेले वर्षाचे चक्र, जमिनीचा हिशेब आणि शोक कामात पाहावा ही सूचना, एवढे पुरेसे आहे. दोन गोष्टी मात्र स्पष्ट शब्दांत सांगायलाच हव्यात. एक म्हणजे या रँचवरची गुरे दुधासाठी नसून मांसासाठी वाढवलेली असतात. आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या श्रद्धेचा हा विषय आहे, आणि ऐन चित्रपटात लिलावाच्या दृश्यावर हे कळले तर त्यांचे मन पुढच्या सगळ्यावरून उडते. आधी सांगितले तर ते आपली असहमती बाळगूनही पाहू शकतात. दुसरे म्हणजे चित्रपटात मृत्यू, जनावराला गोळी घालणे, आत्महत्येचा उल्लेख किंवा गंभीर दुखापत असेल, तर ते निमंत्रणातच लिहावे. सभागृहात नुकतेच कोणी गमावलेली माणसे असतात आणि ती आपले दुःख सांगत येत नाहीत. दारालगतच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे ज्याला उठून जायचे आहे त्याला सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जावे लागणार नाही.

जवळचे काही दाखवून दूरचे समजावण्याचा मोह होतो, आणि आपल्याकडे त्यासाठी सामग्री आहेच. दिवाळीनंतर बारामती-फलटणकडचे धनगर मेंढपाळ आपले वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे तांडे, घेऊन घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात, त्यांच्या लेंड्या-मुताने जमीन खतवते आणि बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. घोड्यावर लादलेले बिऱ्हाड आणि मागे मेंढ्यांचा कळप हे दृश्य शहराबाहेरच्या रस्त्यांवर आजही दिसते. चाकणचा जनावरांचा बाजार किंवा तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला लिलावातली नजर ओळखीची वाटेल. पण साम्य इथवरच न्यावे. रँचवाल्याचे सगळे दुःख कुंपण घातलेल्या मालकीच्या जमिनीशी बांधलेले आहे, तर मेंढपाळाचे दुःख बुजत चाललेल्या वाटांशी आणि मिटत चाललेल्या गायरानांशी. दोन्ही सारखेच आहेत असे म्हटले, की दोघांवरही अन्याय होतो.

चर्चेला एखाद्या मेंढपाळाला किंवा गोठा चालवणाऱ्या बाईंना बोलवावे, हे चांगलेच. मात्र त्यांना चित्रपट पाहिल्यानंतर पहिल्यांदा बोलू द्यावे, त्यांचा जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस भरून द्यावा, आणि धारेची वेळ गाठता येईल अशा बेताने कार्यक्रम संपवावा. ‘तुम्हाला हे आपल्यासारखंच वाटलं ना?’ असे तोंडात शब्द घालणारे प्रश्न विचारू नयेत. त्यांना कदाचित घोड्याचा खुराक, गवताच्या गठ्ठ्यांचे यंत्र किंवा एकट्या बाईने एवढा पसारा कसा आवरला, हेच महत्त्वाचे वाटेल, आणि चित्रपटाच्या गाभ्याशी पोहोचायला तीच वाट बहुधा जवळची असते.

जागा, पडदा आणि परवानगी

घरच्या वर्गणीवर दिसणारा चित्रपट सभागृहात दाखवण्याचा अधिकार त्या वर्गणीतून मिळत नाही. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे आणि सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. म्हणून नोंदणीकृत फिल्म सोसायटीच्या सोबतीने सदस्यांपुरता खेळ ठेवणे सोयीचे असते. स्वतंत्र चित्रपटांचे वितरक पत्राला उत्तर देतात, पण वेळ लागतो. दोन-तीन महिने आधी लिहावे आणि प्रेक्षकसंख्या, प्रवेशशुल्क आहे की नाही, चर्चा होणार आहे की नाही, हे सगळे पहिल्याच पत्रात कळवावे. अभ्यासासाठी विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय उपयोगी पडते.

जागेच्या बाबतीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. या चित्रपटांत पहाट आणि सांज फार असते, त्यामुळे सभागृहात काळोख खरा असावा. खिडक्यांना पडदे असले तरी वरच्या झरोक्यातून येणारा उजेड सांजेचे दृश्य राखाडी करून टाकतो. आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन चित्रपटातले सर्वांत अंधारे दृश्य लावून पाहावे. सपाट जमिनीच्या सभागृहात सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांआड जातात, म्हणून पडद्याची खालची कड चार-साडेचार फुटांवर घ्यावी, मग चित्र थोडे लहान झाले तरी चालेल. आणि पंखे. वारा, टापा, दूरवरची मालगाडी हेच या चित्रपटांचे संगीत असते, आणि छताचे सहा पंखे सुरू असले की त्यातले काही ऐकू येत नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत पंखे बंद ठेवता येतात, एप्रिलमध्ये येत नाहीत. तेव्हा महिना विचारपूर्वक निवडावा. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात खेळ ठेवू नये, आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस तर सोडूनच द्यावेत.

सबटायटल इंग्रजी असतात आणि साउथ डकोटाचे बोलणे तोंडातल्या तोंडात. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांच्यासाठी मराठीत एक पानाचा घटनाक्रम छापून द्यावा, परंतु चित्रपट चालू असताना कुणी शेजारी बसून भाषांतर सांगू नये. संवाद थोडे असल्याने एक पान पुरते.

चर्चा कशी चालवावी

चित्रपट संपताच दिवे लावू नयेत. श्रेयनामावली पूर्ण होऊ द्यावी आणि त्यानंतरही दोन-तीन मिनिटे काहीच बोलू नये. पहिला प्रश्न मताचा नसावा. ‘कसा वाटला?’ असे विचारले की ज्याला बोलायची सवय आहे तोच बोलतो आणि पुढची चर्चा त्याच्या मताभोवती फिरते. त्याऐवजी पाहिलेल्या गोष्टी विचाराव्यात. गेलेल्या माणसाचे नाव किती वेळा उच्चारले गेले? त्याची टोपी, खोगीर किंवा गाडी आता कोण वापरते? जेवणाच्या टेबलाशी कोणती खुर्ची रिकामी राहिली? कोणत्या कामात दोन माणसे न बोलता एकमेकांना मदत करतात? पाच-सहा जणांची आठवण एकमेकांशी जुळत नाही, कोणी म्हणते खोगीर मुलीने घेतले, कोणी म्हणते ते विकले गेले, आणि या जुळवाजुळवीत चित्रपट पुन्हा एकदा डोळ्यांपुढून जातो. अर्धा तास असा गेला की मते आपोआप येतात आणि ती पडद्यावरच्या गोष्टींना धरून येतात.

त्यातच कोणी आपल्या घरातला मृत्यू सांगू लागेल. ते होऊ द्यावे, पण ओढून काढू नये. अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ पुढे येतात. संचालकाने त्यांना हलकेच थांबवावे आणि बोलणाऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. लगेच पुढच्या मुद्द्यावर उडी न मारता क्षणभर थांबून, मग चित्रपटातल्या जवळच्या प्रसंगाकडे यावे. कार्यक्रम संपल्यावर त्या व्यक्तीशी एकट्याने दोन शब्द बोलावेत. दुःख फार वाढले आहे असे दिसले, तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते, हे सांगावे. तो क्रमांक परिचयपत्राच्या तळाशी सर्वांसाठीच छापलेला असणे उत्तम, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही. चर्चेचे ध्वनिमुद्रण करू नये आणि छायाचित्रे चित्रपट सुरू होण्याआधीच घेऊन टाकावीत.

दीड तासाच्या चित्रपटाला पाऊण तासाची चर्चा पुरते. ज्यांना आणखी बोलायचे असेल त्यांच्यासाठी आठवडाभरानंतरची एक बैठक ठेवावी आणि तिला चित्रपटातले एकच दृश्य पुन्हा दाखवावे: ‘द रायडर’ असेल तर गोल कुंपणातले घोडा शिकवण्याचे, ‘ईस्ट ऑफ वॉल’ असेल तर लिलावाचे. ते प्रथम आवाज बंद करून लावावे, म्हणजे सगळ्यांची नजर हातांवर आणि जनावरांच्या कानांवर राहते. मग तेच दृश्य आवाजासह लावावे आणि दोन पाहण्यांत काय वेगळे दिसले ते प्रत्येकाने लिहून द्यावे.